न आलेल्यांची हजेरी

बाई,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले, आणि परवा, सोमवारी, मला शाळेत हजर व्हायचंय. या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात यायच्या होत्या का हो? ऑर्डर हातात पडली तेव्हा सवयीने फोन काढला, तुमचं नाव शोधलं, आणि मग खालापूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसच्या पायरीवरच बसकण मारून रडले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, पोरीचं काम झालं नाही. एका बाईने तर पाण्याची बाटली पुढे केली नि म्हणाली, "रडू नको गं, पुढच्या वेळी लागंल नोकरी." आता तिला काय सांगणार? गपचूप पाणी प्यायले.

घरी आले तर आईचं वेगळंच. खोपोलीजवळ, शिळफाट्याला आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते. आई मशीनवर ब्लाउज शिवता शिवता म्हणाली, "सरकारी नोकरी लागली नि तोंड असं काय केलंस गं? कोन मेलंय का?" आणि लगेच जीभ चावली. मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली बिचारी. तिला ठाऊक आहे तुम्ही माझ्या कोण होतात ते. नात्याच्या नव्हतात, गावच्या नव्हतात, मी पहिलीत तुमच्या हाताखाली शिकलेही नव्हते. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला तुमच्या शाळेत टाकलं म्हणून तुम्ही मिळालात. त्यालाही आता चार वर्षं झाली.

शाळा कुठली मिळाली ते तर सांगायचंच राहिलं. खालापूरच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याची वाडी. एक खोली, एक व्हरांडा, पहिली ते चौथी. पटावर एकोणीस मुलं. आधीचे गुरुजी बदलून गेले, दुसरं कोणी यायचंय, म्हणजे तूर्त मी एकटीच. एकटी, बाई! मी अजून घरी एकटी झोपत नाही.

"भीती भीती काय करतेस, नावं सांग एकेकीची," असं तुम्ही म्हणायचात. सांगते तर. पहिली भीती सापाची, हसू नका. दुसरी, पहिलीला 'ग' गिरवायला लावून मी चौथीकडे वळेन तोवर दुसरीतली दोघं भांडत ओढ्यापर्यंत गेलेली असतील. तिसरी, मोबाईलवर रोज काय काय भरायचं असतं त्याची. खिचडीचे फोटो, पटाचे फोटो, झाडाचे फोटो, आणि त्या वाडीत रेंज येते ती म्हणे फक्त टाकीवर चढल्यावर. चौथी, माझा आवाज. घाबरले की तो चिरकतो नि मग मी ओरडते. मी दुसरीत असताना आमच्या एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला 'ढ' म्हटलं होतं. त्या वाईट नव्हत्या, त्या दिवशी दमल्या असतील. पण मला आजही सातचा पाढा म्हणताना त्यांचा चेहरा दिसतो. मी दमेन त्या दिवशी कोणाला काय म्हणून बसेन? आणि ते पोर ते किती वर्षं घेऊन फिरेल?

आणि पाचवी भीती. तिचं नाव मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगते, पण जरा थांबा. एकदम नाही जमायचं.

तुमच्या शाळेत मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो? कर्जतकडची, कोंडाणे गावाच्या अलीकडची ती वाडी. मी कडक इस्त्रीची साडी नेसून, रात्रभर पाठ करून आलेली. उभी राहिले आणि सुरू केलं, "बालमित्रांनो, आज आपण एका गमतीदार विषयाची ओळख करून घेणार आहोत." मग एका पोरीने तुमच्याकडे वळून विचारलं, "बाई, या काय बोलतान?" आणि जो हशा पिकला! मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्हीही पदर तोंडाला लावून हसत होतात. मला इतका राग आला तुमचा. मधल्या सुट्टीत म्हणालात, "अगं रेश्मा, घरी आईशी बोलतेस तशी बोल की." मी म्हटलं, "घरी आमी हाय-नाय बोलतो बाई." तर म्हणालात, "मग तेच बोल. पुस्तकातलं मी शिकवते त्यांना हळूहळू, तू आधी ओळख तर होऊ दे."

तुमची चौथीची परीक्षाही वेगळीच होती. पेपर वगैरे झाला की तुम्ही पोरांना खाली रस्त्यावर घेऊन जायचात आणि एसटीची वाट बघायला लावायचात. गाडी वळणावर दिसली की पाटी वाचायची, थांबायच्या आत. "खो-पो-ली!" "कर्जत!" एकदा ड्रायव्हरने पाटी उलटीच लावलेली, तर तुम्ही त्यालाच थांबवून झापलंत. "माझ्या पोरांची परीक्षा चाललीय, पाटी सरळ करा." त्याने केली. मला बाई, फार मोठं काही करायचं नाही. माझ्या एकोणीस जणांनी मोठ्या रस्त्याला उभं राहून गाडीची पाटी वाचावी, चुकीच्या गाडीत बसू नये, एवढीच माझी इच्छा आहे. तीसुद्धा फार मोठी आहे असं कालपासून वाटायला लागलंय.

आपलं भांडण व्हायचं ते हजेरीवरून. सगळ्या शाळांत हजेरी घेतात ती आलेल्यांची. तुम्ही आधी न आलेल्यांची घ्यायचात. "कोण नाही?" असं म्हणून एकेक नाव वाचायचात आणि ज्याचं घर शेजारी असेल त्याने उठून सांगायचं. "ताप हाय." "मामाकडं गेलाय." "आयसंगं लाकडं आनाया." दिवाळीनंतर तर अर्धा वर्ग वीटभट्ट्यांवर जायचा आईबापांबरोबर, आणि त्यांचीही नावं तुम्ही रोज वाचायचात, होळीपर्यंत. "भट्टीवर," "भट्टीवर," "भट्टीवर," असं पोरं एका सुरात सांगायची. त्यांच्या बसायच्या जागा तशाच मोकळ्या ठेवायचात, त्या बसकरपट्टीवर कोणी सरकून बसलं तर तुमचा डोळा. आणि मधेच कोणी भट्टीवरून परत आलं, तर त्याने आत धावत यायचं नाही. दारात उभं राहायचं. तुम्ही त्याचं नाव वाचलंत की "आलो बाई" म्हणायचं आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन बसायचं. इतके दिवस कुठे होतास, पुस्तक कुठाय, अंघोळ केलीस का, एक शब्द नाही.

मला ते सगळं वेळखाऊ वाटायचं. मी म्हटलं, "बाई, पंधरा मिनिटं जातात यात. माझ्या पाठाच्या टाचणात बसत नाही." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "मग टाचणात लिही की. पहिली पंधरा मिनिटं, कोण नाही." मी म्हटलं, "जे नाहीत त्यांच्यासाठी जे आहेत त्यांचा वेळ का घालवायचा?" तुम्ही फळा पुसायला लागलात. मला वाटलं, मी जिंकले.

पुढे चार वर्षं आपण फोनवर बोलत राहिलो. टीईटी नापास झाले तेव्हा, पास झाले तेव्हा, भरती लांबली तेव्हा, तुम्ही रिटायर झालात तेव्हा. तुम्ही फोन ठेवण्याआधी दर वेळी एक विचारायचात. "आणखी काय? राहिलं का काही सांगायचं?" आणि मी दर वेळी म्हणायचे, "नाही बाई, काही नाही." शेवटच्या फोनवर तर मी तुमच्यावरच घसरले. म्हटलं, "तुमचं बरं होतं बाई, तुमच्या वेळी शिकवलं की झालं. आता आम्हाला निम्मा दिवस मोबाईलच भरायचाय. मला नाहीच जमणार, ऑर्डर आली तरी जाणार नाही." तुम्ही तेच विचारलंत. "राहिलं का काही सांगायचं?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं, ठेवते. पोळ्या व्हायच्यात." मला तेव्हा कुठे ठाऊक होतं हो.

तर आता सांगते. तुम्ही चार दिवस प्रशिक्षणाला गेला होतात. वर्ग माझ्या हवाली. मी ठरवलंच होतं, या चार दिवसांत टाचण पूर्ण करून दाखवायचं. हजेरी घेतली ती फक्त समोर बसलेल्यांची, दोन मिनिटांत. भट्टीवर गेलेल्यांची नावं वाचलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वजाबाकी शिकवत होते, हातच्याची, आणि मोठ्या मुश्किलीने सगळी फळ्याकडे बघत होती. तेवढ्यात दारात एक मुलगी. आठेक वर्षांची, केस विटांच्या धुळीने लाल झालेले, हातात दप्तर नाही, काही नाही. नुसती चौकट धरून उभी. मला वाटलं, कोणाची तरी बहीण असेल, बघायला आलीय, येतात तशा. मी म्हटलं, "बाळ, आता घरी जा हं, पाठ चाललाय." ती हलेना. मी पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून. चिरकलाच तो. ती गेली.

मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "बाई, ती वनी ना! तिचं नाव नाय घेतलं तुमी."

मी दारात धावले तोवर ती ओढ्याच्या वळणावर पोचली होती. हाक मारली नाही. वाटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी माझा पाठ बघायला कॉलेजचे सर यायचे होते, म्हणून घरी गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तर दाराला आडवी काठी लावलेली. शेजारी म्हणाले, आय आजारी व्हती म्हनून आलती दोन-चार दिवस, गेली परत. आणि तुम्ही आलात, हजेरी काढलीत, "वनिता" असं वाचलंत. पोरं म्हणाली, "भट्टीवर." मी खिडकीशी उभी राहून खडूचे तुकडे डब्यात भरत होते. माझी इंटर्नशिप संपेपर्यंत तुम्ही रोज ते नाव वाचलंत आणि मी रोज गप्प राहिले.

ही माझी पाचवी भीती, बाई. शाळेच्या दारात आलेलं पोर मी हाकललं. माझ्यासारखीने शाळेत पाऊल ठेवावं का, हे मी चार वर्षं स्वतःला विचारतेय. वनी पुढे भट्टीवरच राहिली असणार, आता तिचं लग्नसुद्धा ठरवतील, असं काहीबाही डोक्यात यायचं. मुलांनी तुम्हाला सांगितलं नसेल, असंही स्वतःला पटवत होते. वाडीतली पोरं ती! कोणाची कोंबडी कोणाच्या माळ्यावर अंडं घालते तेही तुम्हाला सांगायची. एवढं सांगणार नाहीत?

परवा तुमच्या कर्जतच्या घरी गेले. काका मला बघून म्हणाले, "ये, बस," आणि स्वतः उठून आत गेले. हॉलमध्ये शाळेतल्या हिरामावशी बसल्या होत्या, खिचडी करायच्या त्या. वाडीवरून दोन गाड्या बदलून आल्या होत्या, पिशवीत तुमच्यासाठी आवळे घेऊन. कोणाला द्यायचे ते कळत नव्हतं त्यांना, मांडीवर धरून बसलेल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "मावशी, ती वनी परत आली का हो कधी?"

"वनी? आली की! व्हळीनंतर आली. आता सातवीला हाय, आश्रमशाळेत. पाटीलकी करते पोरींवर."

मावशी पुढे म्हणाल्या, "बाई गेल्या ना तिकडं, भट्टीवर. तुमी तिला परत धाडली त्याच्या पुढच्या आयतवारी. मी व्हते संगं. विटांच्या ढिगावर बसल्या, पिशवीतून वही काढली नि वाचली तिथंच हजेरी. वनीचं नाव घेतलं तशी ती उठली, म्हनली, आली बाई. मग दर आयतवारी जायच्या. चार-पाच पोरं व्हती तिथं आपली."

"म्हणजे बाईंना ठाऊक होतं? मी तिला..."

"त्या परत आल्या त्याच दिशी पोरांनी सांगितलं त्यांना. मी म्हनलं, बाई, त्या पोरीला बोला की दोन शब्द. तर म्हनल्या, हिरा, तू नाय बोलायचं नि मी पन नाय. ती सांगंल आपनहून. दारात उभी हाय ती, येईल आत."

बाई, चार वर्षं! चार वर्षं तुम्ही विचारत होतात, राहिलं का काही सांगायचं, आणि मी म्हणत होते काही नाही. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. वनीचं सगळं सुरळीत झालेलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्याच फोनवर कळलं असतं मला, की अगं वेडे, ती शाळेत जाते. पण तुम्ही तरी! तुम्हाला नाही का सांगता आलं? याचा मला राग आहे, खरंच आहे, आणि तो आता कोणावर काढू? रागावते आणि मग आठवतं की शेवटच्या फोनवरही तुम्ही विचारलं होतं. पोळ्या राहू द्या म्हणून मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. मावशींनी आवळे माझ्या ओटीत ठेवले. घरी आईने ते मिठात घातलेत.

इथवर शनिवारी लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय, सोमवारी, शाळेतून आल्यावर.

गेले, बाई. शिळफाट्यावरून एसटी, मग शेअर रिक्षा, मग वीस मिनिटं चाल. आई फाट्यापर्यंत सोडायला आलेली, पहिलीतल्या पोरीला सोडतात तशी. कुलूप काढायला गेले तर किल्ली उलटी घातली, दोनदा. मागे पोरं जमलेली, कोणी हसलं नाही. पाल होती, साप नव्हता.

अकरा जणं बसली. मी हजेरी उघडली आणि म्हटलं, "आधी कोन नाय ते सांगा." सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. एक पोरगी म्हणाली, "नाय त्यांची कशाला बाई? ते नाय ना!" अगदी मीच बोलतेय असं वाटलं. मी म्हटलं, "म्हनून तर." आणि वाचायला घेतलं. आठातले सहा भट्टीवर. एकाला खरूज. एकाचं कोणालाच सांगता येईना, ते नाव मी गोल करून ठेवलंय, उद्या शाळा सुटली की घर शोधायला जाणार. कोणाला विचारू, कुत्री असतील का, काय बोलू, सगळी धाकधूक आत्तापासूनच सुरू झालीय.

मान वर केली तर दारात एक मुलगी उभी. सहा-सात वर्षांची असेल, कडेवर भाऊ. चौकट धरून.

बाई, मी तिला काही विचारलं नाही. हजेरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, सगळीच्या सगळी एकोणीस नावं, सावकाश. आलेली पोरं "हाय बाई" म्हणाली, गेलेल्यांना "भट्टीवर" म्हणाली. प्रत्येक नावाला मी दाराकडे बघत होते. ती एकाही नावाला बोलली नाही. एकोणिसावं नाव संपलं आणि ती तशीच उभी.

"बाई, तिचं नाव नाय त्याच्यात," पुढच्या पोरीने सांगितलं. "ती शाळंत नाय. भावाला सांभाळते. रोज येते नि बघते. आधीचे गुरुजी म्हनायचे, जा घरी."

नुसती बघायला आलेली. कोणाची तरी बहीण. खरोखरच.

तिचा दाखला नाही, आधार नाही, कडेवर भाऊ, आईबाप भट्टीवर जायला निघतील तेव्हा हीपण जाणार. उद्या कोणी विचारलं, हे नाव कुठून आलं, तर मी काय सांगणार मला ठाऊक नाही. वर्गात बाळ रडलं तर काय करायचं तेही ठाऊक नाही. पोरांना तिचं नाव विचारलं. एकोणिसाच्या खाली, पेन्सिलने, वीस आकडा टाकून ते लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. मग उभी राहिले आणि वाचलं.

"काशी."

तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आली."

फोन हातात घेतला होता आत्ता. तुम्ही विचारणार, आणखी काय, राहिलं का काही सांगायचं. हो बाई, राहिलंय.